मागच्या सीटचं वजन

१२ ऑक्टोबर, रविवार

आज गाडी पडली. चालवताना नाही, उभी करताना. या बुलेटला सव्वीस वर्षं झाली, असं पहिल्यांदाच झालं.

राहुरीहून परत येत होतो. देहऱ्याच्या अलीकडे चहाची टपरी दिसली. ती उजव्या अंगाला होती म्हणून रस्ता ओलांडून गाडी पलीकडच्या कडेला घेतली. उजवा पाय टेकवायला गेलो तर खाली जमीनच नव्हती. डांबर संपून वीतभर खड्डा होता. नीलांबरी मागून माझा खांदा दाबत होती, पण हल्ली ती तो सारखाच दाबते, म्हणून लक्ष दिलं नाही. एकशे पंच्याण्णव किलोची गाडी आणि वर आम्ही दोघं. एकदा कलली की ती कुणाच्या बापाचं ऐकत नाही. टपरीवरच्या चौघांनी मिळून उचलली. मला काही झालं नाही. नीलांबरीचं मनगट सुजलं. तरी घरी येईपर्यंत तिनं तोच हात माझ्या खांद्यावर ठेवला, आणि मला तेच जास्त लागलं.

खड्डा दिसायला हवा होता असं कुणी म्हणेल. पण नगर-मनमाड रस्त्यावर खड्डे बघत बसलो तर गाडी चालवायची कधी? खरं कारण वजन. मी एकसष्टचा झालो, गाडीचं वजन आहे तेवढंच राहिलं.

सात डिसेंबरला बरोबर आठ आठवडे उरले. लग्नाच्या वाढदिवसाला आम्ही दोघं गाडीवर भंडारदऱ्याला जातो. ईरा पोटात होती ते एक वर्ष सोडलं तर तीस वर्षांत कधी चुकलेलं नाही. यंदा नीलांबरी नको म्हणाली तर काय, हा विचार सकाळपासून डोक्यातून जात नाही.

१५ ऑक्टोबर, बुधवार

ईराचा पुण्याहून फोन. आईनं मनगटाचं सांगितलेलंच होतं. बुलेट विका आणि सरळ कार घ्या, असा लेकीचा हुकूम. मी विचार करतो म्हणालो. पस्तीस वर्षं जिल्हा न्यायालयात कारकुनी केली, विचार करतो म्हणजे काय ते मला चांगलं कळतं.

पण रात्रभर विचार केला तो वेगळाच. हलकी मोटारसायकल घ्यायची. दीडशे किलोच्या आतली, तरी लांबच्या प्रवासात मागच्या माणसाचं अंग आंबणार नाही अशी. नीलांबरीला भीती बसली आहे, ती गेली की सगळं पूर्ववत होईल.

भीती आजची नाही. वर्षभर बघतोय. पूर्वी ती मागची कडी धरून निवांत बसायची, शेतं बघायची, मधूनच काहीतरी गुणगुणायची. आता उजवा हात माझ्या उजव्या खांद्यावर. मी वळायला गाडी जरा हलवली की दाबते. कधी हलकेच, कधी बोटं रुतवून. मी थांबतो, बाजूनं एखादं वाहन जातं, मग बोटं सैल होतात. तिला मी हे कधी बोलून दाखवलं नाही. पण तीस वर्षं माझ्या मागे बसलेल्या बाईला आता माझा भरवसा वाटत नाही, हे आत कुठेतरी टोचतं.

सकाळी तिला हलक्या गाडीचं सांगितलं. वाटलं होतं विरोध करेल. ती पटकन म्हणाली, "घ्या. पण उंचीलाही कमी घ्या." चढायला सोपी पडावी म्हणून असेल. शाळेत जायला ती स्कूटर वापरते, तिला बुटक्या गाडीची सवय.

१९ ऑक्टोबर, रविवार

दिवाळीची साफसफाई. स्वयंपाकघराच्या चौकटीवर उजवं कोपर आपटलं, या महिन्यात तिसऱ्यांदा. सुतारानं दार बसवतानाच चूक केलेली दिसते. शिवाय शेजारच्या स्नेहलनं जिन्यात नमस्कार केला म्हणे आणि मी तोंड फिरवून गेलो. मला तर ती दिसलीच नाही. तिला राग आला असेल.

नीलांबरी पुन्हा डोळे तपासण्यावर आली. तिनं दोनदा वेळ घेऊन ठेवली होती, दोन्ही वेळा मी रद्द केली. चष्मा दोनच वर्षांपूर्वीचा आहे आणि पेपरातल्या टेंडरच्या बारीक जाहिराती मी घडाघडा वाचतो. तिच्यापुढे वाचूनही दाखवल्या. ती उठली आणि माझा चहा उचलून डाव्या हाताला ठेवून गेली. असं का करते कोण जाणे.

२८ ऑक्टोबर, मंगळवार

आज शोरूम पालथ्या घातल्या. फक्रुद्दीनलाही बरोबर घेतलं. नगरच्या कोठला भागातलं त्याचं गॅरेज म्हणजे माझ्या बुलेटचं माहेर. त्याची लेक इन्शा नीलांबरीच्या वर्गात होती, तेव्हापासून तो तिला बाई म्हणतो आणि माझ्यापेक्षा तिचंच जास्त ऐकतो.

मी तक्ता करून नेला होता. वजन, सीटची उंची, टाकी, आणि शेवटचा रकाना मागच्या व्यक्तीची सोय, दहापैकी गुण. मागची सीट मी मुठीनं दाबून बघायचो, फुटरेस्ट किती वर आहे ते बघायचो आणि गुण मांडायचो. एका गाडीची मागची सीट पोळपाटासारखी, तिला तीन. एक छान होती पण वजनाला बुलेटची धाकटी बहीण. एक निळी, एकशे सत्तेचाळीस किलोची, सीट रुंद, मागे धरायला भक्कम कडी. तिला मी नऊ दिले.

फक्रुद्दीनचं मात्र आता वय झालं. सारखं एकच. "साहेब, ते तक्त्याचं राहू द्या. बाईंचे पाय टेकतात का, ते आधी बघा." मागे बसणाऱ्याचे पाय जमिनीला टेकून करायचंय काय? तरी नीलांबरी निळ्या गाडीवर पुढे बसली, दोन्ही पाय जमिनीवर सपाट ठेवले, हँडल डावी-उजवीकडे वळवून बघितलं. शोरूमचा पोरगा माझ्याकडे बघून हसला. मीही हसलो. म्हटलं, हौस आहे, बसू दे.

५ नोव्हेंबर, बुधवार

लिहायचं मन नाही, पण लिहितो.

निळी गाडी चालवून बघायला घेतली आणि नीलांबरीला मागे बसवून विळद घाटाकडे गेलो. गाडी हाताला लोण्यासारखी. मनात म्हटलं, झालं, सुटला प्रश्न. पण तिचं सुरूच. बायपासच्या चौकात दाबलं. एका टेम्पोला ओलांडताना दाबलं. पेट्रोलपंपातून बाहेर पडताना तर असं दाबलं की मी कळवळलो. चौथ्या वेळी माझा संयम सुटला. गाडी कडेला घेऊन म्हणालो, "एवढी भीती वाटते तर मागे बसू नकोस. आणि बसायचं असेल तर हात काढ माझ्या खांद्यावरचा."

ती उतरली. "हात काढून मी बसणार नाही," म्हणाली आणि रिक्षाला हात केला. मी एकटा गाडीवर, पुढे रिक्षा, अशी आमची वरात घरी आली. सगळ्या वाटेत तिनं रिक्षातून मागे वळून माझ्याकडे बघणं सोडलं नाही. रागानंच असणार.

८ नोव्हेंबर, शनिवार

कामापुरतं बोलणं. ती सकाळी साडेसहाला स्नेहलबरोबर फिरायला जाते, आठाला येते. दिवाळीआधीपासूनचा नेम आहे. आज दोघांचे बूट पुसायला काढले, तर तिच्या डाव्या बुटाच्या चवड्यावर काळा पट्टा. गिअर टाकून टाकून माझ्या बुटावर पडतो तसाच. बूट एकाच खणात ठेवतो म्हणून घासला गेला असेल. पुसून ठेवला. तिचं काहीतरी करावंसं वाटत होतं, तेवढंच करता आलं.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार

घोडेगावला जाऊन आलो. ढोपर खरचटलंय. उद्या लिहीन.

१५ नोव्हेंबर, शनिवार

सगळं जसं झालं तसं लिहितो. साक्ष नोंदवून घेताना आम्ही पक्षकाराला हेच सांगायचो.

मला वाटत होतं, दोष अजून गाडीतच आहे. निळी हलकी खरी, पण मागे माणूस बसला की डुलत असेल, म्हणून नीलांबरी घाबरत असेल. घोडेगावच्या बाजारात जनावरांचा व्यापार करणारा कल्याण नावाचा एक जण आहे, त्याच्याकडे तशीच एक जुनी गाडी विकायला आहे असं कळलं. जुन्या गाडीवर हवी तेवढी परीक्षा घेता येईल म्हणून एसटीनं गेलो. घरी सांगितलं, कोर्टातल्या मित्राकडे जातो. तीस वर्षांत तिच्याशी खोटं बोलायची वेळ फारशी आली नव्हती.

बाजार ऐन भरात होता. म्हशी, दावणी, धुरळा. मी कल्याणला म्हटलं, मागे छप्पन्न किलोचं माणूस असताना गाडी कशी चालते ते मला बघायचंय, पण तुमच्यापैकी कुणी नको. माणूस मागे हलतं, बोलतं, त्यानं अंदाज चुकतो. त्यानं सरकी पेंडीचं पन्नास किलोचं पोतं आणून मागच्या सीटवर उभं केलं आणि दाव्यानं माझ्या कमरेमागे आवळून बांधलं. लोक जमले. एक म्हातारा म्हणाला, "पावनं, बायकोच्या जागी पेंड? मंडळी रुसलीत काय?" सगळे हसले, मीही हसलो. पण बोलणं वर्मी बसलं.

हायवेला लागलो. काय सांगू, फार सुख वाटलं. खांद्यावर हात नाही, दाबणं नाही. चार किलोमीटर गेलो. गाडी जराही डुलली नाही. माझ्या मनात आलं, नीलांबरी मागे नसली की मी पूर्वीसारखाच चालवतो. हे वाक्य पुसून टाकावंसं वाटतंय, पण साक्षीत खाडाखोड करायची नसते.

मग परत फिरायला दुभाजकाच्या फटीपाशी गाडी उजवीकडे घेतली. मागून हॉर्न वाजत होता, पण आपल्याकडे हॉर्न कधी वाजत नाही? मी उजवीकडे बघितलं होतं. हे मी शपथेवर सांगतो. मान वळवून नाही, पण बघितलं होतं, आणि रस्ता मोकळा होता.

नंतरचं मला फक्त तुकड्या-तुकड्यांनी आठवतं. ब्रेकचा आवाज, मागून एक हिसका, तोंडात माती. उठून बघतो तर टेम्पो दहा पावलांवर तिरपा उभा. त्याचा आरसा आणि कोपरा पोत्याला घासून गेला होता. पोतं मधोमध फाटून पेंड रस्त्यावर सांडली होती. मला ढोपरावर खरचटण्यापलीकडे काही नाही. टेम्पोवाला शिव्या देत होता. कल्याण मागोमाग दुसऱ्या गाडीवर येतच होता, तो धावत आला. त्यानं मला झाडाखाली बसवलं, पाणी दिलं, मग हळूच विचारलं, "काका, टेम्पो दिसला न्हाई का तुमाला? पांढराशिप्पत टेम्पो. पार तुमच्या अंगाला अंग लावून हुता."

मी म्हणालो, नाही दिसला.

त्यानं सांडलेल्या पेंडीकडे बघितलं. "बरं झालं, मागं पेंड हुती," म्हणाला.

एसटीत खिडकीशी बसून नगरपर्यंत मी तेवढंच ऐकत होतो. आणि दुसरी गोष्ट. पेंडीच्या पोत्यानं माझा खांदा दाबला नाही. नीलांबरी असती तर तिनं दाबला असता. मी चिडलो असतो, पण थांबलो असतो.

घरी येऊन तिला सगळं सांगितलं, खोटं बोललो होतो तेही. ती ओरडली नाही. माझं ढोपर धुतलं. मग फोन उचलून तिसऱ्यांदा डोळ्यांच्या डॉक्टरांची वेळ घेतली. या वेळी मी रद्द करू नये म्हणून असेल, फोन ठेवल्यावरही माझा हात धरून बसली.

१८ नोव्हेंबर, मंगळवार

एका यंत्रात हनुवटी ठेवून बसवतात. समोर उजेडाचे ठिपके येतात, दिसला की बटण दाबायचं. डावा डोळा बरा गेला. उजव्याच्या वेळी मधूनच बराच वेळ काही येईना. मला वाटलं, यंत्र बिघडलं. तसं म्हणालोही. डॉक्टर तरुण मुलगी, ईराएवढी. ती म्हणाली, यंत्र चालू आहे काका, ठिपके येतायत.

मग तिनं कागद दाखवला. डाव्या डोळ्याचा नकाशा जवळजवळ पांढरा, कडेला थोडा करडा. उजव्याचा मधे पेल्याएवढा पांढरा आणि भोवती सगळा काळा. काचबिंदू. दुखत नाही, कळत नाही, कडेकडेनं खात येतो. अक्षरं मधल्या उजेडात असतात म्हणून वाचता येतं. गेलं ते परत येणार नाही, उरलंय ते रोजच्या थेंबांनी राखायचं. गाडी चालवायची नाही. हे तिनं दोनदा सांगितलं, कारण पहिल्यांदा मी ऐकलं नाही असं तिला वाटलं.

बाहेर बाकावर बसल्यावर नीलांबरीला विचारलं, तुला कधीपासून माहीत होतं?

"मागच्या सात डिसेंबरपासून. जाताना लोणीच्या पुढे तुम्ही सरळ उसाच्या ट्रॉलीपुढे वळत होतात. मी खांदा दाबला आणि तुम्ही थांबलात. तेव्हा म्हटलं, चला, एवढं तरी आपल्या हातात आहे."

मी म्हणालो, मग बोलली का नाहीस?

"बोलले की. तुम्ही टेंडर वाचून दाखवलीत."

मग ती रडली. इतकी वर्षं शाळेत पोरांना रडू नका सांगणारी बाई दवाखान्याच्या बाकावर पदर तोंडाशी धरून रडली. म्हणाली, दर वेळी वाटायचं, आज दाबायचं राहिलं तर? नुसत्या बोटांवर दोघांचा जीव ठेवून मी वर्षभर हिंडलेय. तुम्हाला एकटं सोडवत नव्हतं, म्हणून कुठेही निघालात की मी मागे. आणि या वहीत मी हे सगळं भीती म्हणून लिहीत आलोय. भीतीच होती. माझ्यासाठी होती, एवढंच मला दिसलं नव्हतं.

२१ नोव्हेंबर, शुक्रवार

बुलेटची किल्ली कपाटात ठेवली. थेंब घातले. तक्ता फाडायला घेतला आणि तसाच ठेवला.

सोळा दिवस राहिले. ईरा म्हणते, भाड्याची गाडी करून जा. नीलांबरी म्हणते, बघू.

२३ नोव्हेंबर, रविवार

सकाळी दारात हॉर्न. फक्रुद्दीन जुन्या शंभर सीसीच्या गाडीवर आला होता, गॅरेजातल्या पोरांना सामान आणायला असते तसल्या. उतरला आणि किल्ली माझ्याकडे न देता नीलांबरीकडे दिली. ती चपला काढून बूट घालून आली. डाव्या बुटावर पुन्हा काळा पट्टा होता. गाडीवर बसली, किक मारली आणि गिअर टाकत गल्लीच्या टोकापर्यंत जाऊन वळून आली. वळताना मान खांद्यावरून पूर्ण मागे वळवली, डावीकडे आणि उजवीकडे. मी फाटकाशी उभा होतो, माझे हात गजांवर होते आणि ते मला काढता येईनात.

फक्रुद्दीन खाली बघत म्हणाला की बाईंनी मे महिन्यात विचारलं होतं, शिकवाल का. सुट्टीभर त्याच्या पोरीनं, इन्शानंच शिकवलं. पुढे हात राहावा म्हणून रोज सकाळी स्नेहलबरोबर मैदानावर, याच गाडीवर. "साहेब, तुम्हाला सांगू नका म्हणाल्या. मला लई वाईट वाटायचं, पण बाईंचं कसं मोडणार?"

तिनं पर्समधून लायसन काढून माझ्या हातात दिलं. स्कूटरच्या खाली गिअरच्या मोटारसायकलीची नोंद, तारीख ११ ऑगस्ट. मी सवयीनं आधी तारीख वाचली. देहऱ्याला गाडी पडली ती बारा ऑक्टोबरला. म्हणजे मी हलक्या गाडीचं नाव काढायच्या दोन महिने आधी हिनं सगळी तयारी करून ठेवली होती, आणि माझ्या तोंडून तो विषय निघायची वाट बघत बसली होती. निघाल्याबरोबर म्हणाली, उंचीला कमी घ्या.

दुपारी जाऊन निळी गाडी ठरवली. शोरूमच्या पोरानं नाव विचारलं. मी सांगितलं, नीलांबरी नृसिंह जोर्वेकर. या वेळी तो हसला नाही.

७ डिसेंबर, रविवार. शेंडी, भंडारदरा

पोचलो. साडेपाच तास लागले. पूर्वी मी चारात आणायचो, पण ती कोल्हारला, संगमनेरला आणि अकोले गावाला थांबली, आणि प्रत्येक वेळी मला उतरवून पाय मोकळे करायला लावले.

आधी तक्त्याचं. मागच्या व्यक्तीच्या सोयीचा रकाना मी आयुष्यात एकदाही मागे न बसता भरला होता, हे निघाल्यावर तासाभरात कळलं. निळीला नऊ दिले होते. राहुरी फॅक्टरीच्या पुढे त्याचे सात झाले आणि लोणीला पाच. फुटरेस्ट वर आहे, गुडघे छातीशी येतात. तीस वर्षं ती माझ्या मागे कशी बसली, हे मी कधी विचारलं नव्हतं. संगमनेरला चहा पिताना विचारलं. म्हणाली, "पहिली दहा वर्षं कंबर दुखायची. मग सवय झाली." मी मागच्या सीटवर टाकायला एक गादी शिवून घेणार आहे. माझ्यासाठीच, हे मान्य करायला लाज वाटत नाही.

आता खरं. नगर सोडताना मी मागची कडी धरून बसलो होतो. पण विळद घाटात उसाची पहिली ट्रॉली आली आणि माझा हात आपोआप तिच्या खांद्यावर गेला. दाबला. तिनं ट्रॉली जाऊ दिली. कोल्हारच्या पुलावर दाबला, लोणीत दोनदा. लोणीच्या पुढे ती जागा आली, तिनं दाखवली नाही तरी मला कळली, आणि तिथे तर मी रिकाम्या रस्त्यावर दाबला. वाट बघत होतो, आता चिडेल. मी पुढे असताना चिडलो होतो.

राजूरच्या पुढे घाटात एक जीप उजवीकडून अंगावर आली. मला ती गेल्यावर दिसली. खांदा दाबला तेव्हा धूळसुद्धा बसत आली होती. तेव्हा ती पहिल्यांदा बोलली. मान न वळवता, हेल्मेटच्या आतून.

"दिसली होती. तुम्ही शेतं बघा."

मी डावीकडे बघितलं. खाली भात काढून झालेली खाचरं होती, दूरवर धरणाचं पाणी चमकत होतं. इतकी वर्षं या रस्त्यानं आलो, हे मी नीट कधी बघितलेलं नव्हतं. बोटं सैल केली. हात मात्र काढला नाही, शेंडी येईपर्यंत तसाच तिच्या खांद्यावर ठेवला.